चार लाद्यांवर अडीच टन

प्रेसवाल्या बाई उंचीनं बेताच्या होत्या आणि सगळा घोळ तिथूनच सुरू झाला. कागद कापायचं त्यांचं नवं मशीन अंगापिंडानं थोराड, बिडाचं, अडीच टन वजनाचं. नवं म्हणजे बाईंच्या दारात नवं. मशीनचं स्वतःचं वय बाईंपेक्षा चांगलं दहा वर्षांनी जास्त होतं. त्याच्या टेबलाशी उभं राहिलं की बाईंची हनुवटी टेबलाला लागायची. पायाखाली फळी घ्या, असं चार जणांनी सुचवून पाहिलं. त्यावर बाई म्हणाल्या, जन्मभर फळीवर चढून कागद कापायला मी काही सर्कशीत नाही, मी वर चढणार नाही, मशीन खाली येईल. आणि त्यांनी गवंडी बोलावून खोलीच्या मधोमध नऊ इंच खोल खड्डा करून घेतला.

गवंडी कामाला चोख. त्यानं मशीनच्या बैठकीचं माप घेतलं, चारी बाजूंनी अर्धं अर्धं बोट जागा सोडली, फरशी धुतल्यावर पाणी साचू नये म्हणून एका कोपऱ्यात भोक ठेवलं, सगळं छान घोटून काढलं आणि तो आपल्या घरी गेला. त्या खड्ड्यात अडीच टन उतरवायचे कसे, हा प्रश्न त्याचा नव्हता. तो मुकादमाचा होता.

मुकादमाचा धंदा म्हणजे जड मशीनं हलवण्याचा. वडिलांपासून चालत आलेला. छत उंच असेल तर साखळीनं टांगून मशीन अलगद सोडता येतं, पण इथं छत इतकं बुटकं की मुकादमाच्या टोपीला पांढरा चुना लागायचा. मशीन पाइपांवर ढकलत आणून खड्ड्यावर टाकलेल्या दोन लोखंडी गर्डरांवर उभं करणं जमलं. तिथून पुढं गाडी अडली. जॅक लावून हळूहळू खाली घ्यावं, तर मशीनबरोबर जॅकही खड्ड्यात जाणार आणि तिथंच जन्मठेप भोगणार, कारण कडेनं हात घालून तो काढायला जागा होती ती अर्धं बोट. आधार असा हवा होता की जो अडीच टन पेलेल, आणि काम झालं की आपणहून निघून जाईल.

असा आधार मुकादमाला ठाऊक होता. तो एकोणीस वर्षांचा असताना वडिलांनी एकदा वापरला होता. बर्फ. चार कोपऱ्यांत बर्फाच्या चार लाद्या उभ्या करायच्या, मशीन त्यांच्यावर ठेवायचं, गर्डर ओढून काढायचे आणि वाट बघत बसायचं. बर्फ वितळत जातो, मशीन इंचाइंचानं उतरतं, पाणी भोकातून जातं, मागं काही उरत नाही. इतकं सगळं सोपं होतं. अडचण एवढीच की गावात बर्फाचा कारखाना एकच होता आणि त्यात मुकादमाचा धाकटा भाऊ कामाला होता. आणि मुकादम आणि धाकटा गेली चार वर्षं एकमेकांशी एक शब्द बोललेले नव्हते.

त्याचं कारण असं. जड मशीन ढकलताना जो मागून पहार लावतो त्याला पुढचं काही दिसत नाही. पुढं उभा असलेला माणूस फटीवर नजर ठेवतो आणि वेळेवर ‘थांब’ म्हणतो. मागचा माणूस त्या एका शब्दावर चालतो. वडील गेल्यापासून पहारीवर नेहमी धाकटा असायचा आणि पुढं मुकादम. चार वर्षांपूर्वी एका लाँड्रीत बॉयलर नेताना बॉयलर दाराच्या चौकटीवर गेला, चौकट मोडली, वरच्या सात-आठ विटा खाली आल्या. लाँड्रीचा मालक, चार मजूर, गिऱ्हाइकं, सगळे बघत राहिले. तेव्हा मुकादम बोलून गेला, की थांब म्हणालो होतो मी, यानंच ऐकलं नाही. धाकट्यानं पहार खाली ठेवली, खिळ्यावरचा सदरा घेतला आणि एक ना दोन, सरळ चालता झाला. पुढच्या महिन्यात तो बर्फाच्या कारखान्यात लागला.

मुकादम थांब म्हणालाच नव्हता. त्या घटकेला तो भलतंच काहीतरी करत होता आणि काय करत होता ते आठवलं की अजून त्याचे कान तापायचे. मजूर चांगले होते, कामाला वाघ होते. पण पहार लावताना ते मान वाकडी करकरून पुढं बघायचे. डोळे मिटून आपल्या शब्दावर ढकलणारा माणूस मुकादमाला पुन्हा मिळाला नाही. भाऊ परत हवा होता. त्यासाठी आधी एक वाक्य बोलायला लागणार होतं, आणि ते घशाशी येऊन चार वर्षं तिथंच मुक्काम ठोकून होतं.

सुदैवानं घरात मुकादमाची बायको होती. दीर-भावजय रोज फोनवर बोलायचे. मुकादमाला ते माहीत होतं आणि आपल्याला माहीत आहे हे तो कळू देत नव्हता. तिनं परस्पर दिराला सांगून बर्फ ठरवला. शिवाय चारही मजुरांना दहा वाजल्यापासून गावाच्या दुसऱ्या टोकाच्या कामावर लावून टाकलं. मुकादमानं कारण विचारलं तेव्हा ती म्हणाली, अहो, बर्फ वितळायला चार माणसं कशाला हवीत?

सकाळी सातला टेम्पो आला. धाकटा खाली उतरला, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट, डोक्याला लोकरीची टोपी, ऐन उकाड्यात. थोडं पोट सुटलं होतं. लाद्या काचेसारख्या स्वच्छ होत्या. पलीकडची भिंत आरपार दिसत होती. मुकादमाला त्या फार आवडल्या आणि त्यानं बाईंना सांगितलं, त्यांना म्हणावं इथं ठेवा. बाईंनी चार फुटांवर उभ्या असलेल्या धाकट्याला ते सांगितलं. धाकटा बाईंना म्हणाला, त्यांना म्हणावं हात लावू नका, कोपरे उडतील. पहिले दोन-तीन निरोप बाईंनी हौसेनं पोचवले.

गर्डरांची टोकं जॅकवर उचलून लाद्या खाली बसवल्या, जॅक सोडले, आणि मशीन बर्फावर टेकलं. बाईंनी डोळे मिटून घेतले होते. लाद्या जरा कुरकुरल्या आणि गप्प बसल्या. गर्डर ओढून काढल्यावर अडीच टनांचं ते बिडाचं धूड बर्फाच्या चार पायांवर, जमिनीपासून चार इंच वर, असं काही उभं राहिलं की जन्मापासून त्याचा तोच धंदा असावा. मजूर दहाच्या ठोक्याला गेले.

आता काम राहिलं ते मशीन समपातळीत ठेवण्याचं. चारही लाद्या काही सारख्या वितळत नाहीत. खिडकीकडची घाई करते, भिंतीकडची आळस करते. त्यासाठी पारदर्शक नळीत पाणी भरून तिचं एक टोक मशीनच्या या बाजूला आणि दुसरं त्या बाजूला बांधलेलं होतं. नळी कितीही वेडीवाकडी गेली तरी दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर उभं राहतं; त्या पाण्याशी आपल्या बाजूची खूण ताडून पाहायची. एका टोकाशी मुकादम बसला, दुसऱ्या टोकाशी धाकटा. दोघांच्या मध्ये मशीन, दोघांजवळ एकेक बादली कोमट पाणी आणि गोणपाटाचे पट्टे. बाजू वर राहिली तर लादीवर कोमट पाणी सोडायचं, खाली जायला लागली तर लादीला गोणपाट गुंडाळायचं.

मुकादमानं बाईंना सांगितलं, की जेवायच्या वेळेपर्यंत मशीन बसतंय बघा. पलीकडून बाईंसाठीच उत्तर आलं, की संध्याकाळचे पाच वाजतील. बर्फाचं नुसतं पाणी व्हायला जेवढी उष्णता लागते तेवढ्यात तेच गार पाणी चहाच्या जवळपास पोचतं; आणि तेवढी सगळी उष्णता गिळूनही ते पाणी असतं बर्फाइतकंच थंड. म्हणून बर्फ कुणाच्या जेवणासाठी घाई करत नाही. मुकादम बाईंना म्हणाला, वडिलांनी दुपारपर्यंत उतरवलं होतं. धाकटा बाईंना म्हणाला, ते उघड्यावर होतं, उन्हात, आणि गरम पाण्याच्या बादल्या मी आणत होतो, दहा वर्षांचा होतो तरी मला आठवतंय. बाईंनी हातातली प्रुफं खाली ठेवली. त्या म्हणाल्या, मला उद्या सकाळी चारशे पत्रिका द्यायच्या आहेत, मी चुका शोधू की तुमचं टपाल वाटू? आणि त्या पुढच्या खोलीत निघून गेल्या.

मग खोलीत दोघं भाऊ उरले आणि पाणी टपकण्याचा आवाज.

अकराच्या सुमाराला मुकादमाच्या लक्षात आलं की आपली बाजू बोटभर वर राहिलीय. त्यानं मुकाट्यानं लाद्यांवर कोमट पाणी सोडायला सुरुवात केली. त्याच वेळी पलीकडे धाकट्याला दिसलं की आपली बाजू बोटभर खाली गेलीय. त्यानं मुकाट्यानं लाद्यांना गोणपाट गुंडाळलं. एकाच दुखण्यावर दोन वैद्यांनी दोन औषधं दिली. अर्ध्या तासात दुखणं बरं होऊन उलट बाजूला गेलं. आता मुकादमाची बाजू खाली आणि धाकट्याची वर. मुकादमानं तडक गोणपाट उचललं. धाकट्यानं तडक तांब्या उचलला. बारा वाजता मशीन पुन्हा पहिल्या अंगावर कललं, या खेपेला दीड बोट. दोघांचीही मनातून खात्री पटली होती की समोरचा नुसता हातावर हात ठेवून बसलाय आणि सगळं मलाच करायला लागतंय. एकानं नुसतं ‘किती?’ विचारलं असतं तर भागलं असतं. पण विचारणार कोण? दोघांच्याही नाकावर माशी बसत नव्हती.

असा झोपाळा दीडपर्यंत चालला. मग मशीनची बैठक जमिनीच्या पातळीला आली, खड्ड्याच्या तोंडाशी. आता धाकट्याची बाजू दोन बोटं खाली होती. बर्फ, त्यावर पाण्याचा पापुद्रा, आणि वर उतार. इतका वेळ आवाज न करणारं ते अडीच टन तसंच काही न बोलता धाकट्याच्या बाजूला अर्धं बोट घसरलं आणि त्याची कड खड्ड्याच्या काठावर जाऊन बसली.

मुकादमाच्या तोंडचं पाणी पळालं. एक कड जमिनीवर अडकलेली, बाकीचं मशीन बर्फावर, आणि बर्फ थोडाच थांबणार? तो खालून निघून जाणार, मशीन वाकडं लटकत राहणार, आणि मग कड सुटली की सगळं वजन एका दणक्यात खड्ड्यात. बीड वाकत नाही, तडकतं. बाईंचं मशीन गेलं असतं, वडिलांपासूनचं नाव गेलं असतं.

त्यानं मशीनच्या वरून पलीकडे पाहिलं. धाकटाही वरूनच बघत होता.

“तू पाणी घालत होतास?” मुकादमानं विचारलं.

“हो. आणि तू गोणपाट लावत होतास?”

चार वर्षांनंतरचं पहिलं संभाषण हे असं झालं. दोघांनाही सकाळपासूनचा सगळा प्रकार एका क्षणात कळला, आणि हसू येत होतं पण हसायची ती वेळ नव्हती. मग दोघं भराभर बोलायला लागले. मुकादमानं आपल्या उंच बाजूवर गरम पाणी ओतायचं ठरलं, धाकट्यानं आपल्या लाद्यांचं गोणपाट तसंच राहू द्यायचं, म्हणजे तिकडचा बर्फ काठाखालून पळणार नाही. बोट, पाऊण बोट, अर्धं बोट, असं मोजत मोजत वीस मिनिटांत मशीन समपातळीत आलं. आता ते अर्धं बोट मुकादमाकडे सरकवायचं होतं. बर्फावरचं मशीन सरकायला फार जोर लागत नाही, एक माणूस पहारीनं हलवतो. पण जास्त सरकलं तर ते समोरच्या काठावर चढणार. बरोबर मधोमध थांबायला हवं होतं.

धाकट्यानं कोपऱ्यातली पहार आणली. मुकादम आपल्या बाजूला ओल्या फरशीवर पालथा झोपला, गाल जमिनीला लावून, एक डोळा मिटून, फटीशी. फट बोटभर होती. ती अर्धं बोट उरली की शब्द द्यायचा.

पलीकडे पहार बैठकीला टेकल्याचा आवाज आला. मग काहीच झालं नाही. धाकट्याचे रबरी बूट मुकादमाला मशीनच्या कडेनं तेवढे दिसत होते.

“ढकल ना,” मुकादम म्हणाला.

“ढकलतो,” धाकटा म्हणाला. “पण थांब म्हणशील ना?”

गालाखालची फरशी गार होती. चार वर्षं मुकादमानं या वाक्याची तयारी केली होती. कधी सणसणीत, कधी मोघम, कधी सगळा दोष लाँड्रीवाल्यावर ढकलून. पालथं पडून, तोंड जमिनीला लावून ते म्हणायला लागेल असं मात्र त्यानं कधी धरलं नव्हतं.

“तेव्हा मी थांब म्हणालोच नव्हतो,” तो म्हणाला. “त्या मालकाकडे वळून मी फुशारकी मारत होतो. तीस वर्षांत आमच्या हातून कुठं ओरखडा गेला नाही म्हणून सांगत होतो. तेवढ्यात चौकट गेली. माझं चुकलं होतं. आणि वर सगळ्यांसमोर तुझ्यावर घातलं.”

बुटांच्या बाजूनं आवाज आला.

“तू म्हणाला नव्हतास ते मला ठाऊक आहे, दादा. मी तिथंच होतो.”

“मग चार वर्षं बोलला का नाहीस?”

“तुला ठाऊक आहे का, ते मला कळत नव्हतं. मला वाटायचं, याला खरंच वाटतंय की आपण थांब म्हणालो होतो. मग भांडायचं तरी कुणाशी?”

मुकादमाचे डोळे भरून आले. त्या डोळ्यानं फट दिसेना, म्हणून त्यानं दुसरा उघडला. तोही तसलाच निघाला. त्यानं बाहीनं दोन्ही पुसले. त्या चार मजुरांनाही उद्या सांगेन, तो म्हणाला, आणि लाँड्रीवाल्यालाही. धाकटा म्हणाला, ते उद्या सांग, आधी फट बघ, माझा बर्फ चाललाय. आणि त्यानं पुढं काय आहे ते न बघता, मान न वाकवता, पहारीवर जोर दिला.

अडीच टन लोण्यावरून सरकावे तसे सरकले. फट बोटभर होती. पाऊण झाली. अर्धं बोट उरली.

“थांब.”

मशीन जागच्या जागी थांबलं. मुकादम उठून धाकट्याच्या बाजूला गेला आणि त्यानं फटीत नख घालून पाहिलं. दोन्हीकडे अर्धं अर्धं बोट. त्याचा जीव भांड्यात पडला. बैठकीची कड काठाच्या आत शिरली होती. आता मशीन खड्ड्याच्या बाहेर कुठं जाणार नव्हतं, सरळ खाली जाण्यावाचून त्याला दुसरा रस्ताच नव्हता. गोणपाटाचे पट्टे फटीतून ओढून काढले आणि करण्यासारखं काही उरलं नाही.

वहिनीनं दिलेला डबा दोघांत उघडला. कागदाच्या रिमांवर बसून ते जेवले. आता ते एकाच बाजूला बसले होते, कारण मध्ये मशीन ठेवून ओरडत बोलण्यात अर्थ नव्हता. धाकट्याला कारखान्यात एकच गोष्ट उदंड मिळाली होती, ती म्हणजे पाण्याकडे बघत बसायला वेळ, आणि त्यातून त्याच्या डोक्यात नाना कल्पना शिजत होत्या. त्या ऐकायला आजवर वहिनीशिवाय कुणी नव्हतं, आणि वहिनी निम्म्यातून दूध उतू चाललंय म्हणून फोन ठेवायची. बाकी सगळं गोठलं की आक्रसतं, तो म्हणाला, आणि पाणी मात्र फुगतं. अकरा वाट्या पाण्याचा बारा वाट्या बर्फ होतो. म्हणून तर बर्फ पाण्यावर तरंगतो. आणि फुगताना त्याला अडवून बघ. आमच्याकडे दर महिन्याला एखादा लोखंडी पाइप फुटतो. तर दादा, जे उतरवताना केलं ते उचलताना का नाही करायचं? जाड पोलादी डब्यात पाणी भरायचं, वर दट्ट्या, आणि गोठवायचं. पंचवीस टनांचं मशीन केसभर वर येईल, कसला आवाज नाही, हादरा नाही.

मुकादमानं आधी नकाराची मान हलवली, कारण धाकट्याच्या पहिल्या कल्पनेला मान हलवायची त्याला जुनी सवय होती. मग त्यानं विचारलं, की केसभर उचलून काय करायचं? धाकटा म्हणाला, केसभर उचललं की खाली पत्रा सरकवायचा, मग पुन्हा गोठवायचं. मुकादम म्हणाला, रोज एक केस, म्हणजे वर्षभरात एक बोट. गिऱ्हाईक काठी घेऊन येईल. तरी पण, तो थोडं थांबून म्हणाला, गंजून बोल्ट धरून बसलेलं मशीन असतं, हलवायला गेलं की पाय तुटतो, तिथं हे चालेल. तिथं नुसतं सुटायलाच हवं असतं. धाकटा जागचा उठला. तेच तर, तो म्हणाला. त्यानं भिंतीशी पडलेला रद्दी कागद ओढला आणि डबा कसा हवा ते काढायला लागला. मुकादमानं त्याच्या हातातली पेन्सिल घेऊन दट्ट्या जाड केला. धाकट्यानं तो पुन्हा बारीक केला. मध्येच सोमवारपासून यायचं ठरलं. कुणी विचारलं आणि कुणी हो म्हटलं ते नीट सांगता येणार नाही, पण कारखान्याला पंधरा दिवस आधी कळवायला लागेल, तर सोमवार नको, पुढच्या महिन्याची एक तारीख, इथवर बोलणं येऊन पोचलं होतं.

तेवढ्यात दारातून बाई आत आल्या. त्यांच्या हातात छापून झालेल्या पत्रिकांचा गठ्ठा होता. त्या सरळ मशीनपाशी गेल्या, गठ्ठा टेबलावर ठेवला आणि त्यावर आरामात कोपरं टेकली. टेबल बरोबर त्यांच्या कमरेच्या जरा वर येत होतं.

“अहो, हे तर बसलंय,” बाई म्हणाल्या. “कधी टेकलं?”

दोघं भाऊ उठून आले. मुकादमानं फटीत पेन्सिल घालून पाहिली, धाकट्यानं भोकाशी वाकून पाहिलं. खाली बर्फाचा कण नव्हता. नळीतलं पाणी दोन्ही टोकांना खुणेवर उभं होतं. घड्याळात पाच वाजून गेले होते, पण ते मघाशी टेकलं की तासापूर्वी, हे त्या दोघांतल्या कुणालाच सांगता येईना. आजवर मुकादमाच्या हाताखालचं एकही मशीन त्याच्या नकळत जमिनीला लागलेलं नव्हतं.

“बघायचं राहिलं, बाई,” तो म्हणाला. “आम्ही बोलत होतो.”